कार्ले, बेडसे, भाजे : दोन दिवसांत तीन बुद्धलेणी, सर्वांना सोबत घेऊन

मावळातील कार्ले, बेडसे आणि भाजे ही तीन बुद्धलेणी एका दिवसात ‘करून’ येणाऱ्या बस दर हिवाळ्यात आपल्या वस्त्यांमधून निघतात. पहाटे निघायचे, तीन डोंगर चढायचे, सामूहिक फोटो काढायचे आणि रात्री परतायचे. या धावपळीत पहिल्या लेणीवर सगळे पोहोचतात, दुसऱ्या लेणीवर निम्मे आणि तिसऱ्या लेणीच्या पायथ्याशी ज्येष्ठ उपासिका, गुडघे दुखणारे उपासक आणि लहान मुलांच्या आया बसमध्येच बसून राहतात. ज्यांनी वर्षभर भिशीतून पैसे बाजूला टाकून सहल घडवून आणलेली असते, त्यांनाच लेणी दिसत नाही.

आम्ही वस्त्यांमधील महिला मंडळे आणि तरुणांच्या गटांबरोबर काम करतो. त्यांना घेऊन या परिसरात वारंवार जाणे होते. त्यातून तयार झालेले हे नियोजन येथे देत आहोत. कोणत्याही विहाराला किंवा मंडळाला ते जसेच्या तसे वापरता येईल. दोन दिवस, तीन लेणी, तीन छोट्या चढणी, आणि गटातील सर्वात सावकाश चालणारी व्यक्ती ठरवेल तो वेग, अशी त्याची आखणी आहे.

लेणी येथेच का कोरली गेली?

सोपारा, कल्याण, चौल या कोकणातील प्राचीन बंदरांतून माल घाटावर येत असे आणि पुढे जुन्नर, तेर अशा बाजारपेठांकडे जात असे. त्या वाटेवरचा एक मोठा घाट म्हणजे बोरघाट. घाट चढून आल्यावर लागणाऱ्या मावळच्या डोंगररांगेत काळ्या बेसॉल्टचे अखंड कडे आहेत. व्यापारी तांडे, त्यांच्याकडून मिळणारे दान, भिक्षेसाठी जवळची गावे आणि पावसाळ्यात भिक्खूंना वर्षावासासाठी हवी असलेली पक्की जागा, या सर्वांचा येथे मेळ बसला. म्हणून तिन्ही लेणी एकमेकींपासून फार दूर नाहीत. आजही जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून जातात.

मुख्य सूत्र : अर्ध्या दिवसाला एकच चढण

या नियोजनात दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत.

पहिली, अर्ध्या दिवसात एकच लेणी. तिन्ही ठिकाणी पायऱ्या किंवा बांधीव वाट आहे. सावकाश चालणाऱ्याला एका लेणीवर जायला अर्धा ते पाऊण तास पुरतो. एक चढण झाल्यावर जेवण आणि विश्रांती मिळाली, तर साठी ओलांडलेली माणसेही तिन्ही लेणी पाहू शकतात.

दुसरी गोष्ट सूर्याची. बेडशाचे चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, तर कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणून बेडसे सकाळी आणि बाकीची दोन दुपारनंतर पाहावीत. असे केले तर आत टॉर्च न लावताही स्तूप नीट दिसतो.

यावरून क्रम ठरतो : शनिवारी दुपारी कार्ले, रविवारी सकाळी बेडसे, रविवारी दुपारी भाजे. भाजे शेवटी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ती लेणी मळवली स्टेशनला सर्वात जवळ आहे, त्यामुळे उतरल्यावर थेट परतीची लोकल गाठता येते.

केव्हा जावे, केव्हा टाळावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात चांगला काळ. मार्च ते मे या काळात कातळ तापतो, चढण सकाळी नऊच्या आत संपवावी लागते आणि दुपारच्या प्रकाशाचा फायदा सोडून द्यावा लागतो.

पावसाळ्यात मावळ सुंदर दिसतो, पण शनिवार-रविवारी लोणावळा परिसरात वाहनांची रांग हटत नाही आणि पायऱ्यांवर शेवाळ असते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. मुले आणि ज्येष्ठ सोबत असतील तर पावसाळी शनिवार-रविवार टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जायचेच असेल तर आधी जिल्हा प्रशासनाचे त्या आठवड्याचे बंदी आदेश तपासावेत आणि धबधब्याच्या वाटेला जाऊ नये.

कार्ल्याला एकवीरा देवीच्या चैत्र यात्रेच्या आणि नवरात्राच्या काळात पाय ठेवायला जागा नसते. एरवीही तेथे शनिवारपेक्षा रविवारी गर्दी जास्त, म्हणून आम्ही शनिवार धरला आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा लोणावळ्यात पर्यटकांचा असतो. राहण्याची सोय महाग होते आणि मिळेलच याची खात्री नसते.

कसे पोहोचावे, कोठे राहावे

पुण्याहून लोणावळा लोकल हा सर्वात स्वस्त मार्ग. देहूरोड, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि मग लोणावळा, अशी स्थानके लागतात. आपल्या कामाची स्थानके तीन : देहूरोड, कामशेत आणि मळवली. दुपारच्या वेळी या मार्गावर दोन लोकलमध्ये बरेच अंतर असते. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून परतीच्या दोन गाड्या लिहून ठेवाव्यात. मुंबई, ठाणे, कल्याणकडून येणाऱ्यांनी एक्स्प्रेसने लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. मळवली हे पुढचेच स्थानक आहे.

राहण्यासाठी कार्ल्याजवळ जुन्या महामार्गावर पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. भाजे गावाजवळ त्रिरत्न बौद्ध महासंघाचे ‘सद्धम्म प्रदीप’ हे शिबिरस्थळ आहे. तेथे शिबिरे चालू असतात, त्यामुळे आधी विचारून, परवानगी मिळाली तरच जावे. भाजे, कार्ला आणि मळवली परिसरात घरगुती मुक्काम आणि जेवणाची सोय करणारी कुटुंबेही आहेत. तीस-चाळीस जणांचा गट असेल तर दोन घरांत विभागून राहणे सोयीचे पडते. स्नानगृहासमोर रांग लागत नाही आणि सकाळी वेळेत निघता येते.

शनिवार सकाळ : देहूरोड

पुण्याहून येणाऱ्यांनी सकाळी लवकर देहूरोडला उतरावे. तेथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे ही घटना त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची. स्टेशनपासून विहार रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे आणि चढण अजिबात नाही.

येथे वंदना घ्यावी, तासभर बसावे आणि दोन दिवसांची माहिती सर्वांना सांगावी. विधिवत वंदनेसाठी हीच योग्य जागा आहे. लेण्या संरक्षित स्मारके असल्याने तेथे मर्यादा येतात, त्यांबद्दल पुढे लिहिले आहे. त्यानंतरची लोकल धरून मळवलीला उतरावे, मुक्कामाच्या ठिकाणी सामान ठेवावे आणि जेवून घ्यावे.

शनिवार दुपार : कार्ले

मळवलीहून कार्ले लेणीचा पायथा चार-पाच किलोमीटरवर आहे. हे अंतर रिक्षाने जावे, पाय चढणीसाठी राखावेत. पायऱ्या सुमारे साडेतीनशे आहेत. वाहन डोंगराच्या मध्यापर्यंतच्या वाहनतळाला जाते, तेथून उरलेली निम्मी चढण चालावी लागते. ज्यांना त्रास आहे त्यांना मधल्या वाहनतळावर सोडावे आणि बाकीच्यांनी खालून चालत यावे. दोन्ही गट एकाच वेळी वर पोहोचतील असे निघावे. तिकीट भारतीयांना २५ रुपये असून पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. पाचच्या सुमारास लेणी बंद होते असे धरून, तीनपर्यंत वर पोहोचावे.

येथील चैत्यगृह देशातील सर्वात मोठे कोरीव चैत्यगृह मानले जाते. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. आत ३७ स्तंभ आहेत : दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपाच्या मागे साधे सात. छताच्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. हे ऐकल्यावर लोक पुन्हा वर पाहतात, म्हणून ते आत गेल्यावरच सांगावे.

कार्ल्याची खरी श्रीमंती शिलालेखांत आहे. लेखांमध्ये या जागेचे नाव ‘वलूरक’ असे येते. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी करजिक गाव दान दिले आणि पुढे सातवाहनांनी ते दान कायम केले. पण राजे आणि श्रेष्ठी एवढ्यावर थांबू नये. धेनुकाकट येथील सामि नावाच्या सुताराचे नाव प्रवेशद्वाराजवळ आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दाराच्या कामाचे दान दिले. धेनुकाकटच्या यवनांनी एकेक स्तंभ दिला. आसाढमिता नावाच्या भिक्खुणीचे दान आहे.

समाजशास्त्र शिकताना ‘आश्रय’ हा शब्द आपण राजांसाठी वापरतो. कार्ल्यात तो शब्द तोकडा पडतो. येथे सुतार, व्यापारी, परदेशातून आलेले लोक आणि भिक्खुणी यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलला आणि नाव कोरले. वर्गणी काढून विहार उभारणाऱ्या आपल्या वस्तीला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

बाहेर दर्शनी भिंतीवरील बुद्धमूर्ती मूळ कोरीव कामानंतर काही शतकांनी, महायान काळात कोरलेल्या आहेत. मूळ चैत्यात उपासना स्तूपाची होती. सहलीत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवावे.

आता एकवीरा मंदिराबद्दल. चैत्यगृहाच्या अगदी दारात हे मंदिर आहे आणि कोळी, आगरी व इतर अनेक समाजांतील कुटुंबांचे ते कुलदैवत आहे. आपल्या लोकांच्या मनात याविषयी प्रश्न असतात आणि ते विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. पण त्याची जागा अर्ज, माहिती अधिकार, न्यायालय आणि अभ्यासाची आहे. पायऱ्यांवर नवस फेडायला आलेल्या कुटुंबाशी वाद घालून स्मारकाचे काहीही भले होत नाही, उलट सोबतच्या महिला आणि मुलांना त्रास होतो. गट निघण्यापूर्वीच ही सूचना स्पष्ट द्यावी. आमच्या अनुभवात, लेख वाचून दाखवताना देवीला आलेली माणसेही थांबून ऐकतात. आपल्या बाजूने यापेक्षा चांगली मांडणी दुसरी नाही.

रविवार सकाळ : बेडसे

बेडसे गाव कामशेतहून पवनानगर रस्त्याने, मग आत वळून लागते. अंतर दहा किलोमीटरच्या आत आहे. सार्वजनिक वाहन थेट पायथ्यापर्यंत मिळेलच असे नाही, म्हणून कामशेतला रिक्षा किंवा जीप येण्या-जाण्याची ठरवून घ्यावी आणि चालकाला परतीची वेळ सांगून ठेवावी. सकाळी आठपर्यंत पायथा गाठावा. चढण सरळ पायऱ्यांची, सावकाश गेल्यास अर्ध्या तासाची आहे. तिन्हींमध्ये येथे गर्दी सर्वात कमी. वर दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि नाश्ता खालूनच न्यावा आणि कचरा परत आणावा.

चैत्यगृहासमोर कातळ पूर्ण काढलेला नाही. अरुंद बोळातून आत शिरल्यावर एकदम पंचवीसेक फुटांचे स्तंभ समोर येतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत. आत अष्टकोनी स्तंभांची रांग आणि साधा स्तूप. काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा मानतात. बाजूचा विहार मागे अर्धगोल आणि गजपृष्ठाकार छताचा आहे. विहारासाठी असा आराखडा क्वचितच आढळतो.

येथे तीन लेख वाचून दाखवावेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्पणक याचे दान आहे. गोभूती या अरण्यवासी, भिक्षेवर राहणाऱ्या थेरांचा स्तूप त्यांच्या शिष्याने उभारला आहे. आणि पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिनीचे नाव आहे. डोंगरावर पाण्याची सोय करणारी ही स्त्री स्वतःच्या नावाने दान नोंदवते. महिला मंडळांसोबत गेल्यावर आम्ही बेडशाची माहिती या टाक्यापासूनच सुरू करतो.

साडेदहापर्यंत उतरून कामशेतला जेवावे आणि मळवलीकडे निघावे.

रविवार दुपार : भाजे

मळवली स्टेशनपासून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावातून लेणीचा पायथा अडीच-तीन किलोमीटर आहे. ज्यांना चालायची हौस आहे त्यांच्यासाठी ही दोन दिवसांतील सर्वात रमणीय सपाट चाल. समोर लोहगड आणि विसापूर दिसत राहतात. बाकीच्यांनी रिक्षाने पायऱ्यांपर्यंत यावे. पुढची चढण पंधरा-वीस मिनिटांची. येथेही तिकीट आहे.

तिन्हींमध्ये भाजे सर्वात जुनी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील. एकूण २२ लेणी आहेत. चैत्यगृहाचे स्तंभ आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब तसे कलते लावत, तीच रीत कारागिरांनी दगडात उतरवली. पुढची लाकडी दर्शनी बाजू नष्ट झाल्याने आज सगळे चैत्यगृह उघडे दिसते. आपण कार्ल्याहून बेडसे आणि बेडशाहून भाजे असे काळाच्या उलट दिशेने आलो आहोत, हे येथे सांगितले की तिन्हींतील फरक सर्वांच्या लक्षात येतो.

थोडे पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे. हे येथे राहिलेल्या भिक्खूंच्या स्मृतीचे स्तूप. काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन ही थेरांची नावे वाचता येतात. येथे पाच मिनिटे शांत बसावे. सहलीतील सर्वांना सर्वाधिक लक्षात राहते ती हीच जागा. शेवटच्या विहारातील ‘सूर्य’ आणि ‘इंद्र’ म्हणून ओळखली जाणारी शिल्पे कोणाची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही बाजू सांगाव्यात, ठाम दावा करू नये. तसेच एका पाण्याच्या टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख आहे.

साडेचारपर्यंत उतरायला लागावे आणि संध्याकाळची लोकल धरावी.

गटाची तयारी

वीस ते पंचवीस जणांचा गट सर्वात सोयीचा. प्रत्येक पाच जणांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी. एक जण सर्वात पुढे, एक जण सर्वात मागे आणि मागच्याला कोणीही ओलांडून मागे राहणार नाही, हा नियम. कोणी पायथ्याशी थांबले तर त्यांच्यासोबत एक जण थांबतो आणि वर वाचला जाणारा लेख त्यांनाही वाचून दाखवतो.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घट्ट बसणारे बूट, नेहमीची औषधे आणि ओआरएसची पाकिटे बरोबर असावीत. मधुमेह असलेल्यांनी रिकाम्या पोटी चढू नये. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. वर स्वच्छतागृह असेल असे गृहीत धरू नये. मुक्कामाचे ठिकाण, स्टेशन आणि जेवणाची जागा येथेच वेळ ठेवावा. महिलांच्या गटासाठी ही गोष्ट वेळापत्रकात लिहूनच ठेवावी, नाहीतर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चढणीवर चक्कर येते.

लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, तीव्र अत्तर, फटाके, ड्रोन आणि मोठा आवाज यांनी माश्या उठतात. कार्ल्यात माकडेही आहेत, खाऊ पिशवीत ठेवावा.

लेणीत कसे वागावे

तिन्ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मेणबत्ती, अगरबत्ती, हार, गुलाल आणि भिंतीला टेकवलेला ध्वज यांपैकी काहीही आत नेऊ नये. काजळी आणि मेण दगडात मुरते आणि आधीच पुसट झालेली अक्षरे आणखी पुसली जातात. हळू आवाजातील त्रिशरण-पंचशीलासाठी आम्हाला कोणी अडवलेले नाही. लेखांवर खडू किंवा पाणी फिरवून फोटो काढणे पूर्ण टाळावे. फोटोसाठी बाजूने तिरपा टॉर्च धरला तरी अक्षरे उठून दिसतात.

सहलीच्या दोन आठवडे आधी विहारात एक बैठक घ्यावी. गेल्या काही वर्षांत राज्यात लेणी संवर्धन आणि धम्मलिपी शिकवणारे अनेक गट उभे राहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलावून निदान दहा अक्षरे शिकून घ्यावीत. ‘दान’ हा शब्द तिन्ही लेण्यांत सापडतो. सातवीतील मुलगी आपल्या आजीला दगडावरचे ते अक्षर बोटाने दाखवते, तेव्हा लेणी ‘आपली’ असल्याची घोषणा वेगळी द्यावी लागत नाही. त्यासाठी आजी वरपर्यंत पोहोचलेली असली पाहिजे. सारे नियोजन तेवढ्यासाठीच आहे.